रायर मामांचा बिनमाशांचा समुद्र

आमच्या इमारतीतल्या रायर मामांनी तुम्हाला "या, समुद्र दाखवतों" म्हणून घरात बोलावलं, तर जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की त्या समुद्रात मासा नाही. काचेची एक टाकी आहे, टाकीत खारं पाणी आहे, तळाशी पांढरी वाळू आहे आणि मधोमध भोकाभोकांचे दगड रचलेले आहेत. बस्स. मामा तुम्हाला टाकीसमोर स्टुलावर बसवतील, स्वतः पाठीमागे उभे राहतील आणि विचारतील, "काय दिसतें?"

तुम्ही म्हणाल, "दगड."

"दगड नव्हे," मामा समाधानानं म्हणतील, "कारखाना."

एवढं झालं की कॉफी मिळते.

मी या घरात पहिल्यांदा गेले ती समुद्रासाठी नाही, मराठीसाठी. चेन्नईजवळ ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि कराडहून उठून मी वेस्ट मांबलममध्ये भाड्यानं राहायला आले. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, मधे मोटारी. एक दिवस जिन्यात उभी राहून आईशी फोनवर भांडत होते, तर तळमजल्याचं दार उघडलं आणि वेष्टी नेसलेले, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ असलेले एक किडकिडीत म्हातारे बाहेर आले. फोन संपेपर्यंत त्यांनी भांडण मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "पोरी, तूं आमची भाषा बोलतेस कीं!"

त्यांचं नाव बिंदुमाधव राव. 'रावां'ना तमिळ लोक 'रायर' म्हणतात, म्हणून सगळ्या इमारतीचे ते रायर मामा. मूळचे तंजावरचे. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले ते गेलेच, आणि बरोबर नेलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत झाकून ठेवली. मामांच्या बोलण्यात 'जाहलें' आणि 'अमळ' असायचं, आणि त्याला खेटून 'सरि' आणि 'सुम्मा'. 'सरि' म्हणजे बरं, 'सुम्मा' म्हणजे उगाच. जगातल्या बहुतेक गोष्टी मामांच्या मते सुम्मा होत्या. मला ते 'पुणेंकरीण' म्हणायचे.

"मामा, मी कराडची."

"तेंच तें."

मामांविषयी इमारतीचं मत फारसं चांगलं नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे चेन्नईच्या मे महिन्यातसुद्धा हा माणूस पंखा लावायचा नाही. ताडाच्या पानाचा पंखा हलवत अंधाऱ्या खोलीत बसायचा. घरात मिक्सर नाही, टीव्ही नाही. कंजूष, असा सरळ निकाल लागलेला होता. दुसरी गोष्ट म्हणजे टाकीत हवा सोडायचा छोटा पंप त्यांनी घराबाहेर, जिन्याखाली ठेवला होता, जुन्या टॉवेलात गुंडाळून, एका पातेल्यात. तिथून बारीक नळी दाराच्या फटीतून आत जायची. त्यामुळे मामांच्या घरात शांतता आणि जिन्यात दिवसरात्र गुणगुण.

"मधमाश्यांचं पोळं आहे जिन्यात," माझ्या शेजारच्या जानकी मामी म्हणायच्या. "स्वतःचा पंप स्वतःच्या घरात ठेवायला काय होतं या माणसाला?"

मामांना यंत्राचा तिटकारा होता. टाकीचं पाणी साफ ठेवायला लोक स्पंज, डबे, मोटारी लावतात, ते सगळं सुम्मा. "समुद्राला कोणी डबा लावला आहे काय?" ते विचारायचे. मग दगडांकडे बोट दाखवून सांगायचे, "माशाची घाण म्हणजे विष. तें विष खाणारे जीव या भोकांत राहतात. डोळ्यांना दिसत नाहींत. त्यांचें उष्टें दुसरे खातात. आणि अगदीं आंत, जिथें वारा पोचत नाहीं, तिथें तिसरे बसतात. ते शेवटचें उष्टें खातात आणि त्याचा वारा करून सोडून देतात. ही पंगत आहे, पुणेंकरीण. पंगत बसायला वेळ लागतो. पोरुमै!"

पोरुमै म्हणजे धीर. सगळं आयुष्य रेल्वेच्या कचेरीत माल वेळेवर का पोचला नाही याची कारणं लिहिण्यात गेल्यामुळे थांबणं या विषयावर मामांचा अभ्यास दांडगा होता.

दगडसुद्धा त्यांनी असेच जमवले. समुद्रातून जिवंत दगड उचलणं गुन्हा, "आणि कायदा नसता तरी पाप." म्हणून कोरडे दगड आणून, धुऊन, भिजवून टाकीत रचले. आणि कोळत्तूरला, जिथे गल्लीच्या गल्ली माशांच्या दुकानांची आहे, तिथल्या एका दुकानदाराच्या जुन्या टाकीतून मूठभर तुकडे मागून आणले, विरजणासारखे. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमधून, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, आत काय आहे. मामा म्हणाले, "कोट्यवधी लोक आहेत. पण तिकीट माझें एकट्याचेंच फाड."

मग पंगतीला वाढायची वेळ आली. दगडांतल्या जिवांना खायला विष हवं आणि विष तयार व्हायला टाकीत काहीतरी कुजायला हवं. मामांकडच्या माशांच्या पुस्तकात उपाय दिला होता, कोळंबीचा तुकडा. रायर मामांच्या घरात कांदासुद्धा भीत भीत यायचा. त्यांनी मला जिन्यात गाठलं, इकडेतिकडे बघितलं आणि घसा खाकरून म्हणाले, "तूं खातेस ना... तें?"

"काय तें?"

"समुद्रातलें."

मी सैदापेटच्या बाजारात जाऊन एक कोळंबी मागितली. कोळणीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ओण्णु मट्टुमा?" एकच फक्त? मी मान हलवली. परमुलखातली, एकटी, उपाशी पोर, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. तिनं मूठभर कोळंबी पिशवीत घातली आणि जा म्हणाली. त्यातली एक मी मामांकडे नेली. मामांनी डोळे मिटले, चिमट्यानं ती पाण्यात सोडली आणि लगेच आंघोळीला गेले. बाहेर येऊन विचारलं, "बाकीच्या?"

"मी खाल्ल्या."

मामांनी पुन्हा डोळे मिटले. "चांगलें केलेंस," म्हणाले.

चार दिवसांत वास जिन्यात आला, पाठोपाठ जानकी मामी आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी टाकीत वाकून पाहिलं आणि किंचाळल्याच, "एन्न मामा इदु? रायरांच्या घरात इरा?" हे काय, रायरांच्या घरात कोळंबी?

"घरांत नाहीं, मामी," मामा शांतपणे म्हणाले. "समुद्रांत आहे."

याच सुमाराला मी कामाची ठरले. पाण्यात विष किती हे बघायला काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे बरं, हिरवा म्हणजे वाईट. मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एक डोळा सगळं पिवळं दाखवायचा आणि दुसरा निळं. दोन्ही उघडे ठेवले की हिरवं. आणि माझी नोकरी होती कारखान्याच्या रंगखात्यात, मोटारीच्या दाराचा रंग आणि बॉनेटचा रंग एकच आहे का ते पाहण्याची. हे कळल्यावर मामांनी मला नमस्कारच करायचा बाकी ठेवला. दर रविवारी सकाळी मी खिडकीपाशी नळी धरून उभी राहायची आणि मामा हात जोडून, रिझल्टची वाट बघणाऱ्या मुलासारखे, विचारायचे, "कोणता?"

"हिरवा, मामा."

"सरि. पोरुमै."

किती रविवार हिरवेच गेले. शेवटी एकदा पिवळा आला तेव्हा मामांनी मला गोड पोंगल खाऊ घातला आणि टाकीत गोगलगाई सोडल्या. गोगलगाई मेल्या. दुसऱ्या आणल्या, त्यांतल्या काही जगल्या. मग सगळ्या वाळूवर तपकिरी साय धरली. ती गेली, तर दगडांना हिरवे केस फुटले, आणि मामा दात घासायच्या ब्रशनं एकेक दगड घासत बसले. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता हे सोडून देतील. मला स्वतःलाच ती टाकी बघून रडू यायचं. एवढी राखण, एवढी काळजी, आणि दाखवायला काय, तर ओले दगड. "मामा, आता एक मासा आणू या ना," मी म्हणायची.

"नाहीं. घर पक्कें झालें नाहीं."

असं जवळजवळ वर्ष गेलं.

एका रविवारी मामांचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले आणि थबकले. टाकीसमोर जमिनीवर एक माणूस मांडी घालून बसला होता. चाळिशीचा असेल. केस घरीच कापल्यासारखे वेडेवाकडे, कपाळ काचेला जवळजवळ टेकलेलं. मामा भिंतीशी उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दगडाच्या एका भोकातून काहीतरी बाहेर येत होतं. केसाळ दोऱ्यासारखं, करडं, लवलवतं. तारामाशाच्या जातीचा एक बारीक प्राणी, कोळत्तूरच्या तुकड्यांबरोबर न सांगता आलेला, भोकात बसून एक लांब हात पाण्यात फिरवत होता.

"हात," तो माणूस म्हणाला.

मग तो उठला, माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

इतके महिने मी त्या घरात येत होते. आत कुणी राहतं हे मला ठाऊक नव्हतं. बंद दार म्हणजे अडगळीची खोली, असं मी धरून चालले होते.

मामांनी मला बाहेर जिन्यात आणलं. त्या गुणगुणणाऱ्या पातेल्याशेजारी, खालच्या पायरीवर बसले.

"माझा मुलगा," म्हणाले. "श्रीनिवास. आम्ही सीनू म्हणतों. त्याला आवाज सोसत नाहीं. पंखा, मिक्सर, मोटार, कसलीही गुणगुण झाली कीं डोकें भिंतीवर आपटतो. लहानपणापासून तसाच. त्याची आई होती तोंवर तिच्याशीं अमळ बोलायचा. ती गेली आणि दार लागलें. जेवणाचें ताट मी दाराशीं ठेवतों, रिकामें झालें कीं उचलतों. डॉक्टर झाले, औषधें झालीं, देव झाले."

पंप गुणगुणत राहिला.

"म्हटलें, घरांत हलणारी, जिवंत, पण चुप्प अशी एक गोष्ट पाहिजे. म्हणजे तो बाहेर येईल बघायला. पोपट ओरडतो, कुत्रा ओरडतो. मासा ओरडत नाहीं. म्हणून एक आणला होता, साधा, काचेच्या भांड्यांत. सीनू आला, बसला, पाहिलें. दुसऱ्या दिवशीं मासा उलटा तरंगत होता. तेंहि त्यानेंच पाहिलें. मग मीं ठरविलें, आतां मासा आणीन तर आधीं त्याचें घर असें करीन, कीं तो मरायचाच नाहीं. आणि मोटार लागायची नाहीं."

त्यानंतर सीनू रोज सकाळी येऊन बसू लागला. हात दिसला की म्हणायचा, "हात." आणि जायचा. मामा ती हकीगत मला रोज संध्याकाळी नव्यानं सांगायचे, जणू सीनूनं भाषण केलं होतं. जानकी मामींना मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा ग्राइंडर थांबला आणि इडलीचं पीठ कोपऱ्यावरच्या दुकानातून यायला लागलं.

आणि मग मामांनी मासा आणला. एकच, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, माझ्या अंगठ्याएवढा. पिशवी तासभर पाण्यात तरंगत ठेवली, टाकीचं पाणी चमच्याचमच्यानं तिच्यात मिसळलं, मग सोडला. मासा दगडामागे गेला, बाहेर आला आणि काचेपाशी येऊन सीनूच्या नाकासमोर उभा राहिला. त्या दुपारी सीनू टाकीसमोर बसून जेवला. बाहेर बसून, ताट मांडीवर घेऊन. मामा स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिले. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते.

पावसाळा सरता सरता वादळ आलं. इथे ते दरसाल येतंच, कधी जवळून जातं, कधी अंगावर येतं. या खेपेला अंगावर आलं. सकाळी लाइट गेली, रस्त्यावर गुडघाभर पाणी चढलं, माझी बस आली नाही. मी खाली धावले. जिन्यातली गुणगुण थांबली होती. मामांनी सेलवर चालणारा पंप ठेवला होता, तो दुपारपर्यंत धापा टाकत चालला आणि बंद पडला.

हवा मिळाली नाही तर मासा गुदमरणार, आणि दगडातली पंगतही. मामांनी तांब्याचा चेंबू घेतला, टाकीतलं पाणी भरलं आणि उंचावरून परत टाकीत ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. मी दुसरा चेंबू घेतला. हात भरून आले की आम्ही आळीपाळीनं थांबायचो. आणि असंच एकदा मी थांबले असताना आतलं दार उघडलं. सीनू आला. माझ्या हातातला चेंबू त्यानं काढून घेतला आणि बापाशेजारी उभा राहून पाणी ओतायला लागला.

बाप एकदा, मुलगा एकदा. खळ्ळ आवाज व्हायचा, तरी सीनू तिथेच उभा होता. मी स्टूल घेऊन मागे सरकले. त्या दोघांच्यात मला जागा नव्हती.

जानकी मामी वरून भात आणि मेणबत्त्या घेऊन आल्या, पाणी ओतून गेल्या. अंधार पडला तरी लाइट आली नाही. आणखी एका माणसाची गरज होती आम्हाला, किंवा साध्या एका सेलची. पहाटेकडे तिघांचाही डोळा लागला, बसल्या जागी.

उजाडलं तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. मासा वाळूवर आडवा पडला होता. गोगलगाई काचेवरून गळून पडल्या होत्या. तो करडा प्राणी आख्खा भोकाबाहेर आलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याचे हात तुटून इकडेतिकडे पडले होते. मी सवयीनं नळी घेतली आणि थेंब टाकले. मामांनी विचारलं नाही.

सीनू बराच वेळ काचेपाशी उभा राहिला. मग त्यानं चेंबू जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता, आणि आत गेला.

कडी लागली.

पुढची गोष्ट थोडी आहे. मामांनी टाकी धुतली, नवं खारं पाणी भरलं, तेच दगड पुन्हा रचले. मेलेल्या दगडांवर आता पुन्हा पहिल्यापासून पंगत बसायची होती. सीनू बाहेर येत नव्हता. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं झालं की उचलायचं, हे पुन्हा सुरू झालं. अर्धं ताट तसंच परत यायचं.

इमारतीला आता सगळं ठाऊक झालं होतं. जानकी मामींनी पुढाकार घेतला, चार घरांत बोलल्या आणि एक दिवस मामांना सांगायला आल्या, की आम्ही सगळे मिळून तुम्हाला इन्व्हर्टर बसवून देतो, तोही गच्चीत, म्हणजे आवाज नको. लाइट गेली तरी पंप चालू राहील.

"नको," मामा म्हणाले.

मामी समजावत राहिल्या. मामा नको म्हणत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "सुम्मा!" मामींचा चेहरा पडला. वर जाताना मला म्हणाल्या, "म्हातारा हट्टी आहे. त्या मुलाला असाच मारील."

मलाही राग आला होता. मी मामांना म्हटलं, "मामा, वर्षभर घर पक्कं करत बसलात. आता लोक एवढं आपणहून देतायत, तर का नको?"

मामा ताडाचा पंखा हलवत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशीं तो माझ्याशेजारीं उभा होता. पुणेंकरीण, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मीं चेंबू उचलला कीं लागायचा. त्याची आई गेल्यापासून मीं त्याला शिवलों नव्हतों."

पंखा थांबला.

"इन्व्हर्टर लावला, तर लाइट जाणार नाहीं," ते म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते आणि लाइट गेली. ऊन लख्ख होतं, वादळ नव्हतं, कुठेतरी काहीतरी जळालं असेल. जिन्यातला पंप थांबला. मामा लगबगीनं उठले. टाकीत तर अजून काहीच नव्हतं, नुसते दगड. मामांनी स्वयंपाकघरातून दोन चेंबू आणले, एक टाकीच्या काठावर ठेवला, दुसरा हातात घेतला आणि ओतायला लागले. भरलं, ओतलं. भरलं, ओतलं. नेहमीपेक्षा जरा उंचावरून, जरा जास्त आवाज करून. डोळे आतल्या दाराकडे.

मी काठावरच्या चेंबूला हात लावला नाही.

आतून हालचाल ऐकू आली. बहुतेक पावलंच, दारापर्यंत आलेली. मामांचा हात हवेतच राहिला, चेंबूतून पाणी निथळत होतं.

मग लाइट आली. जिन्यात पंप गुणगुणायला लागला. दाराआडची पावलं परत फिरली, खाट करकरली. मामांनी उरलेलं पाणी टाकीत सोडलं, चेंबू पंच्यानं पुसला आणि मला विचारलं, "कॉफी घेशील ना?"